कल्याण ते गणेशपुरी, व्हाया पंख्याची मोटर

या ब्लॉगवर तुम्ही माझ्यासोबत स्पितीची धूळ खाल्लीत, मेघालयातल्या त्या न संपणाऱ्या पायऱ्या उतरलात, आणि हम्पीत माझी चप्पल तुटली तेव्हा कमेंटमध्ये चपलांच्या दुकानांचे पत्ते दिलेत. यावेळचा प्रवास छोटा आहे. कल्याण ते गणेशपुरी, साधारण चाळीस किलोमीटर. फोनमधला नकाशा सव्वा तास सांगतो. आम्हाला नऊ तास लागले.

दोन वर्षं इथे काही लिहिलं नाही, कारण दोन वर्षं मी कुठे गेलेच नाही. आईला विसरण्याचा आजार आहे. सुरुवात चष्म्यापासून झाली, मग गॅस, मग औषधं, मग माणसं. मी अर्धवेळ नोकरी करते आणि उरलेला वेळ घरात शोधाशोध करते. दमायला होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा सूर चिडका लागला तर समजून घ्याल.

आईची धाकटी बहीण, तारामावशी, गणेशपुरीजवळच्या एका पाड्यावर राहते. मागच्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं, त्यामुळे तिला येता येत नाही. फोनवर आईला आवाज ओळखता येत नाहीत, ती फोनकडे बघून "कोन हाय?" म्हणते आणि माझ्या हातात देते. मागच्या महिन्यात आई मला म्हणाली, "तारी शालेतून आली का?" मावशी बहात्तर वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "भेटवायचं असेल तर आता भेटवा. पुढच्या वर्षावर ठेवू नका." त्याच संध्याकाळी रजा टाकली.

आता गाडीचं. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीची छोटी पांढरी हॅचबॅक आहे, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग करून घेतलं तेव्हा आरटीओतला माणूस माझ्याकडे दयेने बघत होता. मीही ती केव्हाच विकली असती. पण आई दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसत नाही. टॅक्सीचं दार उघडलं की ती फूटपाथवर घट्ट उभी राहते. "कनाची गारी ही? ही आपली न्हाय." एकदा भाच्याच्या नव्याकोऱ्या गाडीत बसवलं तर सिग्नलला दार उघडून उतरायला निघाली. या जुन्या गाडीत मात्र ती स्वतःहून दार उघडते, पदर आत ओढून घेते आणि मांडीवर पिशवी ठेवते. त्यामुळे मावशीकडे जायचं तर हीच गाडी, आणि ही नसेल तर जाणं नाही, इतकं ते सरळ होतं.

दिवस मी मुद्दाम शुक्रवार निवडला. शुक्रवारी भिवंडीत बहुतेक लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणजे टेम्पो कमी, म्हणजे रस्ता मोकळा, असा माझा हुशार हिशोब. तो करताना मी विसरले की भिवंडीत लूमइतकीच गोदामंही आहेत, आणि गोदामांना शुक्रवार नसतो. तुम्ही जाणार असाल तर हे लक्षात ठेवा.

सव्वाआठला निघालो. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच अंगावर येत होतं. डब्यात थालीपीठ, दोन बाटल्या पाणी, आईचे जास्तीचे कपडे, मावशीसाठी तिळाच्या वड्या. दुर्गाडीचा पूल ओलांडला तेव्हा आई खाडीकडे बघून म्हणाली, "भरती हाय." होती की नाही ते मी बघितलं नाही. मी पुढच्या ट्रेलरकडे बघत होते.

कोन गावापर्यंत येईतो सगळं ठीक होतं. कोनच्या पुढे रस्त्याचं काम, एकच पट्टा चालू, आणि आम्ही दोन कंटेनरच्या मध्ये. दहा मिनिटं तसूभर हललो नाही. मग माझी नजर काट्यावर गेली. इंजिनच्या तापमानाचा काटा, जो गेली वीस वर्षं निम्म्यावर झोपलेला असतो, तो उठून लाल पट्टीच्या दिशेने निघाला होता. बाबांनी गाडी शिकवताना सांगितलेली एक गोष्ट आठवली: काटा चढला तर एसी बंद कर आणि हीटर पूर्ण लाव, इंजिनची उष्णता आत ओढली जाते. लावला. ऑक्टोबरच्या उन्हात, काचा खाली करून, पायांवर गरम वारा घेत आम्ही दोघी बसलो. आईने पदराने वारा घेतला आणि शांतपणे म्हणाली, "चुलीफुडं बसल्यासारं वाटतं."

वाट मिळाल्यावर गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. इंजिन धगधगत होतं आणि रेडिएटरचा पंखा ढिम्म. तो आत्ता जोरजोरात फिरायला हवा होता, एवढं मलाही कळत होतं. शेजारी उभा असलेला एक रिक्षावाला येऊन डोकावला. "मॅडम, फॅनची मोटर गेली. नारपोलीला मुश्ताकभाईकडे न्या. थांबत थांबत न्या." त्याने फोन नंबर दिला नाही, फक्त खुणा दिल्या: मोठी टाकी, मग डावीकडे, मग ज्या गल्लीत सूत वाळत घातलेलं दिसेल ती सोडून पुढची.

थांबत थांबत म्हणजे तीन वेळा. दर वेळी आई विचारायची, "आली का तारी?" दर वेळी मी म्हणायचे, "अजून नाही." तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला आणि ती गप्प झाली. पुढची पाच मिनिटं मी स्वतःवर चिडून गाडी चालवली.

भिवंडीतल्या नारपोलीची ती गल्ली शुक्रवारी विचित्र शांत होती. एरवी इथे खटाखट इतकी असते की माणसं एकमेकांच्या कानाशी बोलतात. त्या दिवशी लूमच्या शेडची दारं अर्धी खाली आणि आत अंधार. मुश्ताकभाईंचं गॅरेज म्हणजे घराच्या खालची एक खोली आणि पुढची जमीन. माणूस पंचावन्नचा, पांढरी दाढी, हातात लूमचं वाया गेलेलं सूत, ज्याचा गुंता करून इथले सगळे मेकॅनिक हात पुसतात. आईला बघून त्यांनी आधी प्लास्टिकची खुर्ची सावलीत ठेवली, मग बॉनेटखाली डोकं घातलं.

फ्यूज बघितला. रिले बदलून बघितला. मग मोटरचा कनेक्टर काढून तिला थेट बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. काही नाही. पान्ह्याच्या मुठीने मोटरवर दोनदा हळूच ठोकलं, तर पंखा अर्धा वेढा फिरून पुन्हा थांबला.

"ताई, मोटरच गेली. आतले कार्बन घासून संपले असतील आणि आतलं वाइंडिंग पन जळलं, वास येतोय बघा."

"नवीन बसवा ना मग."

ते हसले. "या गाडीची नवीन? कंपनीने बनवायचं सोडलं. कुर्ल्याच्या भंगारात भेटंल, पन सोमवारी. ती पन किती चालंल, अल्ला जाने."

सोमवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. म्हणजे घरी परत, आणि परत रजा कधी मिळणार, आणि तोपर्यंत आई कुठे पोचलेली असणार. हे सगळं मी त्यांना सांगायला नको होतं, पण सांगितलं. थकलेलं माणूस कुणालाही काहीही सांगतं. त्यांनी ऐकून घेतलं, एकदा आईकडे बघितलं आणि म्हणाले, "चाचाकडं देऊ. तो मुडद्यात जान टाकतो."

चाचा म्हणजे दोन दारं सोडून असलेले मोटर वाइंडिंगवाले. सत्तरीचे, मूळचे उत्तर प्रदेशातले, चाळीस वर्षं नारपोलीत. त्यांचं काम लूमच्या मोटरी. लूम शुक्रवारी थांबतात, म्हणून आठवडाभर कुरकुरणाऱ्या सगळ्या मोटरी शुक्रवारी त्यांच्या दारात येऊन पडतात. त्या दिवशी अकरा होत्या. कलिंगडाएवढ्या त्या मोटरींच्या रांगेत आमची मोटर चिकूसारखी दिसत होती. चाचांनी ती उघडली, आतला तांब्याच्या तारांचा गुंडाळा काढला, नाकाशी धरला.

"जल गया है. नया बाँध दूँगा. नमाज़ के बाद ले जाना."

"इतकी छोटी मोटर कधी केलीय का तुम्ही?" मी हिंदीत विचारलं.

"बेटी, मोटर मोटर होती है."

मी रांगेकडे बघितलं. मुश्ताकभाई म्हणाले, "अम्मा साथ में हैं चाचा, दूर जाना है." चाचांनी मान हलवली आणि आमचा चिकू कलिंगडांच्या पुढे ठेवला. ज्यांच्या मोटरी मागे गेल्या त्यांच्यापैकी एकजण बसलेला होता. तो नुसता सरकून बसला.

म्हाताऱ्या माणसाबरोबर प्रवास करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट: रस्त्यावरचा खरा प्रश्न पेट्रोल नसून बाथरूम असतो. मी कुजबुजत विचारलं तर मुश्ताकभाईंनी वर हाक मारली आणि त्यांची बायको, जिला गल्ली भाभी म्हणते, खाली आली आणि आईचा हात धरून तिला जिना चढवून घेऊन गेली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, आई खाली येईना. मी घाबरून वर गेले. आई स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पाटावर बसून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खात होती. माझं थालीपीठ डब्यात, आणि गेला महिनाभर दोन घासांवर पान सारणारी आई दुसरी भाकरी मागत होती.

"त्या बोलल्या, आमच्याकडे अशीच असते," भाभी म्हणाली. "तुमचं गाव इकडचंच का?"

आईचं माहेर कोनच्या अलीकडचं. शेती आणि खाडी. कल्याणात लग्न होऊन आल्यावर पन्नास वर्षांत तिने भाषा घासूनपुसून घेतली होती, इतकी की शाळेत माझी आई छान बोलते असं बाई म्हणायच्या. आता ती घासलेली भाषा जातेय आणि खालची वर येतेय. भाभीशी ती सरळ तिच्या बोलीत बोलत होती आणि भाभीला सगळं कळत होतं. मीही भाकरी खाल्ली. पैशांचं विचारायची हिंमत झाली नाही, तिळाच्या वड्यांतल्या निम्म्या ठेवल्या.

मग अजान झाली, गॅरेजचं शटर अर्धं आलं, पुरुष टोप्या घालून गेले. दीड तास. आई खुर्चीत डुलक्या घेत होती. मी गल्लीत फेऱ्या मारल्या, मावशीच्या सुनेला फोन करून सांगितलं की उशीर होईल. सासूला आत्या म्हणणारी ती म्हणाली, "आत्या सकाळपासून ओटीवर बसलीय, आत यायला तयार न्हाय." मी फोन ठेवला आणि शटरकडे बघत बसले. मला रडू येत होतं. कारण सांगता आलं नसतं. उकडत होतं, पाय दुखत होते, बास.

दोनला मोटर आली. नव्या तांब्याच्या तारा, नवे कार्बन, वर वॉर्निशचा वास. मुश्ताकभाईंनी पाऊण तासात ती पंख्यावर चढवली, पंखा जागेवर बसवला, कनेक्टर लावला, रेडिएटरमध्ये कूलंट भरलं. मी गाडी चालू करून एसी लावला, कारण एसी लावला की हा पंखा लगेच फिरायला हवा. आणि फिरला! असा घोंघावत फिरला की गल्लीतल्या दोन बायकांनी खिडकीतून बघितलं. चाचा दारात येऊन उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून, आपल्या नातवाला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे.

आई उठून गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिचा पदर फडफडला.

"वारा मारतंय," ती म्हणाली.

"हो आई, पंखाच आहे तो."

"भायेर मारतंय गं. भायेर."

"हो, हो. चल, बस आता."

मुश्ताकभाई हसले, चाचा हसले, मीही हसले. तसं हसणं मला आता चांगलं जमतं. खांद्याला धरून मी तिला गाडीत बसवलं. वाइंडिंग आणि कार्बनचे मिळून नऊशे, मुश्ताकभाईंची मजुरी पाचशे, कूलंट वेगळं. एवढ्यात इंजिन वाचत असेल तर स्वस्तच. तीन वाजले होते.

भिवंडीतून वंजारपट्टी नाक्याने वाडा रोडला लागायचं आणि अंबाडीला डावीकडे वळायचं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी भिवंडीहून एसटी आहे, आणि त्या दिवशी माझ्या पुढून दोन गेल्या, दोन्ही वेळा मला त्यांचा हेवा वाटला. गाव मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात, कुठे कुठे आडवा पडलेला. आईने काच खाली केली. मी पहिल्यांदाच पाठ सीटला टेकवली.

अंबाडीच्या अलीकडे पुन्हा रस्त्याचं काम, पुन्हा एकच पट्टा. आणि पुन्हा काटा.

मला वाटलं चुकून बघितलं. पुन्हा बघितलं. निम्म्याच्या वर, पाऊण, लालच्या काठावर. गाडी एका बंद टपरीसमोर घेतली, बॉनेट उघडलं. पंखा फिरत होता. नुसता नाही, जोरात फिरत होता. मग गरम का होतंय? मी तिथेच बॉनेटला हात टेकवून उभी राहिले, चटका बसला, हात काढला. पावणेचार झाले होते. परतायचं ठरवलं तर एवढ्यात ठरवायला हवं होतं, कारण अंधारात आई गाडीत घाबरते. मी खरोखर ठरवलंही. मावशीच्या सुनेला काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवली. मग, शेवटचं म्हणून, निघताना घेतलेल्या नंबरवर मुश्ताकभाईंना फोन लावला.

"फॅन फिरतोय?"

"फिरतोय हो! जोरात फिरतोय!"

"ताई, एक काम करा. एसी चालू ठेवा. एक कागद घ्या, समोरच्या जाळीवर धरा. चिटकतो का बघा."

पेट्रोलची पावती होती. मी ती जाळीसमोर धरून सोडली. पावती माझ्या पोटावर आपटली आणि उडून रस्त्यावर गेली.

"उडाला. बाहेर फेकतोय."

"तौबा," मुश्ताकभाई म्हणाले. "उलटा फिरतोय. तो पंखा बाहेरची हवा आत खेचायला पायजे. तुम्ही हात लावू नका, कुठं आहात ते सांगा, मी निघतो."

मी फोन ठेवला आणि मला गल्ली आठवली. पदर फडफडलेला. *भायेर मारतंय गं. भायेर.* तीन माणसांनी तो पंखा फिरताना बघितला होता. एकाने चाळीस वर्षं मोटरी बांधल्या होत्या, एकाने तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या, आणि मी स्वतःला फार चौकस समजते. दिसलं एकटीला, तिने सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि आम्ही तिघं हसलो. मला इतकी लाज वाटली की मी गाडीत जाऊन बसू शकले नाही. बाहेरच उभी राहिले. आईने खिडकीतून विचारलं, "आली का तारी?" या वेळी मी तिच्याकडे नीट बघून म्हणाले, "नाही आई, अजून नाही. पंखा उलटा आहे." ती म्हणाली, "मंग सरल करा."

अर्ध्या तासात स्कूटर आली. मागे चाचा बसले होते, मांडीवर वायरींची पिशवी. उतरल्या उतरल्या दोघांचं सुरू झालं, बहुधा वाटभर चालूच असावं.

"देखना था ना बाँधके!" मुश्ताकभाई.

"हम कभी नहीं देखते!" चाचा. "लूम में दिशा तो मशीन पे देखते हैं. लगानेवाला देखता है. उलटी चली तो दो तार पलट दिए, बस. वाइंडर का काम मोटर चलाना है."

"अरे चाचा, गाडीचा कनेक्टर एकाच बाजूनं बसतो. त्यात आपन काय बघनार? मी बोललो, आतून बरोबर असंल."

म्हणजे असं. लूमच्या धंद्यात बांधणारा दिशा बघत नाही, कारण लावणारा बघतो. गाडीच्या धंद्यात लावणारा बघत नाही, कारण कनेक्टर चुकूच शकत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या फटीत माझी गाडी. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली नसती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुठल्या गावात ती मोटर शुक्रवारी दुपारी जिवंतही झाली नसती.

मुश्ताकभाईंनी मोटरच्या दोन वायरी कापल्या, अदलाबदल करून पिळल्या, वर टेप गुंडाळली. पाच मिनिटं. मग इंजिन चालू, एसी चालू. हात पुसायच्या गुंत्यातून त्यांनी एक सूत ओढून काढलं आणि ते जाळीकडे न नेता गाडीच्या खिडकीशी गेले.

"आजी, जरा या. तुम्हीच बघा. आमचं काय खरं नाय."

आई उतरली. दोन बोटांत सूत धरून ती जाळीसमोर उभी राहिली. सूत ताठ झालं आणि जाळीला जाऊन चिकटलं.

"आता वढतंय," ती म्हणाली.

चाचांनी हात जोडले. "अम्मा, आपने बोला था. हमने सुना नहीं." आईला त्यांचं हिंदी किती कळलं माहीत नाही. तिने त्यांच्याकडे जरा करड्या नजरेने बघितलं, जशी माझ्या न सुटलेल्या गणितांकडे बघायची. दोघांनी पैसे घेतले नाहीत. पेट्रोलचे तरी घ्या म्हटलं तर मुश्ताकभाई म्हणाले, "पोचलात की फोन करा, तेवढा बस."

अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी. काटा निम्म्यावर. गरम पाण्याच्या कुंडांबद्दल मी खूप काही लिहिणार होते. आम्ही त्यांच्या बाजूने न थांबता गेलो. सव्वापाचला पाड्यावर पोचलो. मावशी ओटीवर बसलेली होती, बाजूला वॉकर. सकाळपासून तिथेच होती, ते तिच्या चेहऱ्यावरूनही कळत होतं.

मी दार उघडलं. आई उतरेना. तिने घराकडे बघितलं, ओटीकडे बघितलं, पिशवी छातीशी धरली. मी दार धरून उभी राहिले. मावशी नुसती बघत राहिली. एक मिनिट असेल, मला फार मोठं वाटलं. मग आई स्वतःच उतरली, अंगण ओलांडून गेली, ओटीच्या पायरीपाशी थांबली आणि रागावून म्हणाली:

"तारे, इतकी म्हातारी कशी झालीस गं?"

मावशी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आईला त्याचं काही नव्हतं. ती पायरीवर टेकली आणि तिने ताबडतोब गाऱ्हाणं मांडलं. "पंखा उलटा बसवला मेल्यांनी. मी बोलली, भायेर मारतंय. कोन ऐकंल?"

"तुझं कवा कोन ऐकलंय, बाय," मावशी म्हणाली, आणि तिचा हात हातात घेतला.

तासभर बसल्या. कुणाचं शेत, कुठली विहीर, कुणाची म्हैस. त्यातली निम्मी माणसं मी कधी ऐकलीही नव्हती. आई एकदाही अडखळली नाही. मी आत जाऊन लादीवर आडवी झाले आणि मला चक्क झोप लागली. सव्वासहाला मावशीच्या सुनेने उठवलं. परतीला अंधार होता, पण आई वाटभर झोपली आणि काहीही घडलं नाही. पोचल्यावर मुश्ताकभाईंना फोन केला. ते म्हणाले, "काटा?" मी म्हटलं, "निम्म्यावर." ते म्हणाले, "आजीला सलाम सांगा."

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी शुक्रवार टाळा, पहाटे निघा, आणि जुनी गाडी असेल तर निघण्याआधी उभ्या गाडीत एसी लावून जाळीसमोर कागद धरून बघा. चिकटला पाहिजे.

रविवारी सकाळी आईने विचारलं, "तारीकडं कवा जावाचं?"

मी म्हटलं, परवाच गेलो होतो. फोटो दाखवला. तिने फोटोतल्या मावशीकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं, आणि काहीतरी चुकल्यासारखा तिचा चेहरा झाला. मी फोटो परत कधी दाखवला नाही. नऊ तास, एक रजा, आणि तिच्याकडे त्यातलं काही उरलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कुणाचा ते माहीत नाही. त्या दुपारी मावशीला फोन करून मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिला न्हाय आठवत, पन मना आठवतं न. भेट काय एकलीची होती?"

मी हे धरून ठेवलंय.

काल संध्याकाळी कामावरून आले, चप्पल काढली, पाय वर घेऊन खुर्चीत बसले. आई म्हणाली, "मांगं पानी वाजतंय."

मागे पाणी वाजत नव्हतं. मला ऐकू आलं असतं. महिन्यापूर्वी मी "हो, हो" म्हटलं असतं. पायात गोळे आले होते, तरी उठले. मोरी बघितली, स्वयंपाकघरातला नळ बघितला, गच्चीवर जाऊन टाकी बघितली, चार मजले, लिफ्ट बंद. सगळं कोरडं होतं. खाली आले आणि म्हणाले, "आई, बघून आले. पाणी नाही वाजत कुठे."

"बघलंस न?" ती म्हणाली. "मंग झालं."